पर्यावरणातील प्रतिजैविकरोधक जनुकांचे सर्वेक्षण

पर्यावरणातील प्रतिजैविकरोधक जनुकांचे सर्वेक्षण म्हणजे नदी, तलाव, गाळ, माती, सांडपाणी अशा ठिकाणांहून गोळा केलेल्या नमुन्यांतील डीएनएचे क्रमनिर्धारण करून, जीवाणूंना औषधांपासून संरक्षण देणारी जनुके कोणती आहेत, किती प्रमाणात आहेत आणि कोणत्या जीवाणूंच्या वा जनुकांच्या संगतीत आहेत, याची ठरावीक कालांतराने घेतलेली नोंद होय. रुग्णालयातील तपासणीत एका रुग्णाच्या एका जीवाणूचा औषधाला मिळणारा प्रतिसाद कळतो. पर्यावरणीय सर्वेक्षणात संपूर्ण वस्तीच्या किंवा संपूर्ण पाणलोट क्षेत्राच्या जीवाणूसमूहाचे एकत्रित चित्र मिळते.

महाराष्ट्रात पुण्याची मुठा नदी व नाशिकची गोदावरी यांवर या प्रकारचे अभ्यास झाले आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांच्या दृष्टीने हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या मोठ्या नद्या वरच्या भागातील शहरांचे सांडपाणी घेऊन येतात. तसेच येथील दुर्गम गावांतील बालआरोग्याची व्यवस्था थोड्या, स्वस्त व जुन्या प्रतिजैविकांवर उभी राहिलेली आहे.

पार्श्वभूमी

प्रतिजैविकरोध ही जीवाणूंची प्राचीन क्षमता आहे. मातीतील अनेक जीवाणू व बुरश्या स्वतःच प्रतिजैविके तयार करतात. १९४३ साली सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतील जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जो जीवाणू असे रसायन निर्माण करतो, त्याच्याजवळ त्यापासून बचाव करण्याचे साधनही असावे लागते. कॅनडातील संशोधकांनी २००६ साली मातीतील ४८० जीवाणूंची २१ प्रतिजैविकांविरुद्ध चाचणी घेतली, तेव्हा प्रत्येक जीवाणू सरासरी सात ते आठ औषधांना दाद देत नसल्याचे आढळले. २०११ साली सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या जमिनीतील डीएनएमध्येही पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन या गटांना निष्प्रभ करणारी जनुके सापडली. एखाद्या परिसरातील अशा सर्व जनुकांच्या समुच्चयाला 'रेझिस्टोम' म्हणतात.

ही जनुके मुख्यतः तीन मार्गांनी काम करतात. काही जनुके औषधाचा रेणू तोडणारे किंवा त्यात बदल करणारे विकर तयार करतात. काही जनुके औषधाचे लक्ष्य असलेल्या घटकाचे रूप बदलतात किंवा त्याला पर्याय पुरवतात. काही जनुके औषध पेशीबाहेर फेकणारे पंप तयार करतात.

प्रतिरोधक जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि हे दोन जीवाणू एकाच जातीचे असण्याची आवश्यकता नसते. प्लाझ्मिड नावाच्या स्वतंत्र डीएनए-वलयांवरून, ट्रान्सपोझॉन या स्थान बदलणाऱ्या तुकड्यांवरून आणि इंटिग्रॉन या जनुके गोळा करणाऱ्या रचनांमधून हे स्थलांतर घडते. त्यामुळे मानवी आतड्यातील जीवाणू, कोंबड्या-गुरांच्या विष्ठेतील जीवाणू आणि मातीतील जीवाणू ज्या ठिकाणी एकत्र येतात, ते सांडपाणी व नदीतील गाळ अशा देवाणघेवाणीसाठी अनुकूल ठरतात. प्रतिजैविकांचे अवशेष, जंतुनाशके आणि तांबे, जस्त, पारा यांसारखे जड धातू तेथे असले, तर रोधक्षम जीवाणूंना आणखी लाभ होतो. धातू व औषध यांना रोखणारी जनुके अनेकदा एकाच प्लाझ्मिडवर असतात. त्यामुळे धातूच्या दाबाखाली औषधरोधाचीही निवड होते. यास 'सहनिवड' म्हणतात. २००६ पासून अनेक शास्त्रज्ञ या जनुकांकडे पर्यावरणातील एक प्रदूषक म्हणून पाहू लागले. इतर प्रदूषके प्रवाहात विरळ होत जातात. जनुक मात्र जिवंत पेशीत असल्यास वाढू शकते.

एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जीवाणूंच्या औषधरोधामुळे झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता.

क्रमनिर्धारणाच्या पद्धती

संवर्धन पद्धती: जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यावर औषधाची चाचणी घेणे ही सर्वांत जुनी पद्धत आहे. जिवंत, प्रत्यक्ष रोध दाखवणारा जीवाणू हाती येतो, हा तिचा मोठा गुण. परंतु पर्यावरणातील बहुसंख्य जीवाणू नेहमीच्या माध्यमावर वाढत नाहीत.

मात्रात्मक पीसीआर: आधीच ठरवलेल्या जनुकाच्या प्रती मोजण्याची ही पद्धत अतिशय संवेदनशील व तुलनेने स्वस्त आहे. मात्र ज्याचा शोध घ्यायचे ठरवले, तेवढेच जनुक तिच्यातून दिसते.

१६-एस जनुकाचे क्रमनिर्धारण: प्रत्येक जीवाणूत असलेल्या १६-एस आरआरएनए जनुकाचा भाग वाचून नमुन्यात कोणकोणत्या गटांचे जीवाणू आहेत हे कळते. यातून रोधक जनुके थेट दिसत नाहीत; आढळलेल्या जीवाणूंवरून त्यांचा केवळ अंदाज बांधता येतो.

शॉटगन मेटाजीनोमिक्स: नमुन्यातील सर्व डीएनएचे लहान तुकडे करून ते सरसकट वाचले जातात. 'मेटाजीनोम' ही संज्ञा १९९८ साली रूढ झाली आणि २००५ नंतर जलद क्रमनिर्धारण यंत्रे आल्यावर ही पद्धत व्यवहार्य बनली. आधी न ठरवलेली जनुकेही हिच्यातून दिसतात. रोधक जनुकांचा वाटा एकूण वाचनांत अत्यल्प असल्यामुळे पुष्कळ वाचन करावे लागते आणि खर्च वाढतो.

दीर्घवाचन क्रमनिर्धारण: हजारो अक्षरांचा डीएनए सलग वाचणाऱ्या यंत्रांमुळे रोधक जनुकाच्या आजूबाजूला काय आहे, ते प्लाझ्मिडवर आहे की जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर, हे समजू शकते. हातात मावणारी नॅनोपोअर यंत्रे २०१४ पासून वापरात आली. त्यामुळे क्रमनिर्धारण मोठ्या शहरांबाहेर नेणे शक्य झाले.

कार्यपद्धती

सर्वेक्षणाची उपयुक्तता स्थाननिवडीवर अवलंबून असते. वस्तीच्या वरच्या बाजूस, वस्तीत आणि वस्तीच्या खालच्या बाजूस अशी किमान तीन ठिकाणे घेतल्यास वस्तीचा परिणाम वेगळा काढता येतो. एकाच ठिकाणचा एकच नमुना फारसे काही सांगत नाही.

पाण्याचा नमुना ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळला जातो; जीवाणू गाळणीवर राहतात. गाळाचा नमुना थेट घेतला जातो. पाणी त्या दिवसाची स्थिती दाखवते, तर गाळात दीर्घ काळातील साठा राहतो. नमुने बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत न्यावे लागतात. ते शक्य नसल्यास डीएनए टिकवणारे द्रावण वापरले जाते. प्रत्येक फेरीत निर्जंतुक पाण्याचा एक कोरा नमुनाही त्याच प्रक्रियेतून नेला जातो. त्यात काही आढळले, तर ते हाताळणीतून आले असे समजते.

डीएनए वेगळा करून त्याचे वाचन झाल्यावर मिळालेल्या क्रमांची तुलना ज्ञात रोधक जनुकांच्या माहितीकोशांशी केली जाते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा 'कार्ड' आणि डेन्मार्कमधील 'रेसफाइंडर' हे त्यांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे कोश आहेत. त्यानंतर रोधक जनुकांची संख्या १६-एस जनुकांच्या संख्येशी भागून दाखवली जाते, म्हणजे वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना करता येते.

येथे सापेक्ष व निरपेक्ष प्रमाणातील भेद ध्यानात घ्यावा लागतो. समजा, गावाच्या वरच्या बाजूस १६-एस जनुकाच्या दर १,००० प्रतींमागे एका रोधक जनुकाच्या २ प्रती आहेत आणि खालच्या बाजूस ४० आहेत. सापेक्ष वाढ २० पट झाली. परंतु खालच्या पाण्यात एकूण जीवाणूच १० पट अधिक असतील, तर दर लिटर पाण्यातील त्या जनुकाचा भार २०० पट झालेला असतो. म्हणून मेटाजीनोमिक्सच्या जोडीला मात्रात्मक पीसीआरने एकूण जीवाणूंची मोजणी करणे हितावह ठरते.

निष्कर्षांचे वाचन व मर्यादा

डीएनए मृत जीवाणूंचाही असू शकतो. जनुक सापडले याचा अर्थ ते कार्यरत आहे किंवा ते रोगकारक जीवाणूत आहे, असा होत नाही. माहितीकोश मुख्यतः रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूंवर आधारलेले असल्याने मातीतील अपरिचित जनुके त्यांतून निसटतात. अत्यंत विरळ पण घातक जनुक पुरेसे वाचन न झाल्यास दिसत नाही. त्यामुळे 'आढळले नाही' याचा अर्थ 'अस्तित्वात नाही' असा घेता येत नाही.

जोखीम ठरवताना तीन प्रश्न विचारले जातात : जनुक स्थलांतरक्षम आहे का, ते रोगकारक जीवाणूंत आधी आढळलेले आहे का, आणि ज्या औषधाला ते रोखते ते औषध उपचारात किती महत्त्वाचे आहे. जंगलाच्या मातीतील एखाद्या निरुपद्रवी जीवाणूच्या गुणसूत्रावर स्थिर असलेले जनुक आणि सांडपाण्यातील प्लाझ्मिडवरील कार्बापेनेमरोधक जनुक यांची गणना एकाच आकड्यात केल्यास दिशाभूल होते.

मानवी प्रदूषणाची खूण म्हणून पहिल्या वर्गाच्या इंटिग्रॉनचे 'आयएनटी-आय-१' आणि त्याच्याशी बहुधा जोडलेले 'सल-१' ही जनुके उपयोगी मानली जातात. सल-१ हे सल्फा औषधांना निष्प्रभ करते.

महाराष्ट्रातील व शेजारील अभ्यास

मुठा नदी, पुणे

गोथेनबर्ग विद्यापीठातील नचिकेत मराठे, योआकिम लार्सन व सहकाऱ्यांनी मुठा नदीच्या गाळावर केलेला शॉटगन मेटाजीनोमिक्सचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रक्रिया न केलेले किंवा अंशतः प्रक्रिया केलेले शहरी सांडपाणी नदीत गेल्याने काय होते, हा त्याचा विषय होता. गाळात स्थलांतरक्षम अशी १७५ प्रकारची रोधक जनुके आढळली. शहराच्या वरच्या बाजूच्या तुलनेत शहरातील गाळात रोधक जनुकांचे एकूण सापेक्ष प्रमाण ३० पट होते. कार्बापेनेम हा राखीव ठेवलेल्या औषधांचा गट. त्याला निष्प्रभ करणारी एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ऑक्सा-४८ व आयएमपी या प्रकारांची जनुके त्यात होती. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या, रुग्णालयीन संसर्गांशी संबंधित असलेल्या जीवाणूवंशाचा वाटा काही नमुन्यांत १६-एस वाचनांच्या २९ टक्क्यांपर्यंत होता.

या अभ्यासातील एक बाब विशेष बोधप्रद आहे. कोलिस्टिनरोधक एमसीआर-१ हे जनुक शहरातील एकाही नमुन्यात आढळले नाही. ते वरच्या बाजूच्या केवळ एका नमुन्यात आढळले. त्यामुळे वरचा भाग स्वच्छ व खालचा दूषित, असे गृहीत धरून केवळ शहराखालीच नमुने घेतले असते, तर हे जनुक नोंदीतून सुटले असते.

गोदावरी, नाशिक

२०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात नाशिक येथे गोदावरीच्या पाच ठिकाणी जीवाणूसमूहाचा अभ्यास करण्यात आला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. १६-एस क्रमनिर्धारणानुसार मेळ्याच्या काळात जीवाणूंची विविधता सुमारे ३७.५ टक्क्यांनी घटली आणि मात्रात्मक पीसीआरनुसार जीवाणूंचा भार सुमारे १३० पट वाढला. रोधक जनुकांत वाढ झाल्याचा निष्कर्षही मांडला गेला. परंतु तो १६-एस माहितीवरून काढलेला अंदाज होता, जनुकांचे थेट वाचन नव्हते. दोन्ही अभ्यासांची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पाटणचेरू, तेलंगणा

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषधकारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१४ साली या औद्योगिक परिसरातील एका तलावात ८१ प्रकारची रोधक जनुके आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या स्वीडनमधील तलावात केवळ ८ प्रकार होते, आणि एकूण प्रमाण भारतीय तलावात सुमारे ७,००० पट होते. पाटणचेरूचे पाणी ओढ्यांतून मांजरा नदीला व मांजरेतून गोदावरीला मिळते.

दिल्ली

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि रस्त्यांवरील साचलेल्या अथवा वाहत्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हे जनुक मिळाले. त्या काळी ते मुख्यतः रुग्णालयीन प्रश्न म्हणून ओळखले जात होते. जनुकाच्या नावात शहराचे नाव घालण्याला भारतात आक्षेप घेण्यात आला होता.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

नद्यांची साखळी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. दोन्ही जिल्हे वैनगंगा, वर्धा व प्राणहिता यांच्या खोऱ्यात येतात. नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हान नदीला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. ते पाणी भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द धरणात येते. पुढे वैनगंगा ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी व गडचिरोली या भागांतून, मार्कंडा देवस्थानाजवळून वाहत जाते. चपराळा अभयारण्याच्या परिसरात वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता बनते आणि सिरोंचा येथे प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजेच जंगलाने वेढलेल्या गावांच्या घाटावरील पाण्याचा एक उगम तीन जिल्ह्यांपलीकडील शहराच्या गटारांत आहे.

चंद्रपूर शहराच्या बाजूने इरई व झरपट या नद्या वाहतात. शहराचे सांडपाणी त्यांतून वर्धा नदीकडे जाते. परिसरात कोळसाखाणी, औष्णिक विद्युत केंद्र, सिमेंट कारखाने व बल्लारपूरचा कागद कारखाना आहे. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांसारखे घटक असतात. त्यामुळे सहनिवडीच्या दृष्टीने येथील गाळात धातूंचे मापन व जनुकांचे वाचन एकाच नमुन्यावर करणे अर्थपूर्ण ठरते.

नमुना-स्थानांच्या दृष्टीने ही रचना सोयीची आहे. नाग-कन्हान संगमाच्या वर व खाली, गोसेखुर्दच्या वर व खाली, इरईच्या शहरापूर्वीच्या व शहरानंतरच्या भागात, आणि प्राणहितेच्या प्रारंभी व शेवटी असे नमुने घेतल्यास प्रत्येक टप्प्याचा वाटा वेगळा दिसू शकतो. धरणात गाळ बसतो. त्यामुळे धरणाच्या वरचा गाळ व खालचे पाणी यांची तुलना केल्यास धरण जनुके अडवते की पुढे पाठवते, हे कळते. महाशिवरात्रीला मार्कंडा येथे भरणाऱ्या यात्रेच्या आधी, यात्रेत व नंतर नमुने घेणे हे नाशिकच्या धर्तीवर सामूहिक स्नानाचा परिणाम मोजण्याचे साधन ठरू शकते.

जंगलातील आधाररेषा

कोणत्याही प्रदूषणाची मात्रा सांगण्यासाठी मूळ स्थिती माहीत असावी लागते. मोठ्या शहरांच्या परिसरात अशी मूळ स्थिती उरलेली नसते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चपराळा अभयारण्य आणि भामरागडचे जंगल येथील माती व उगमाजवळचे ओढे यांतील नैसर्गिक रेझिस्टोम ही तुलनेसाठी आवश्यक असलेली आधाररेषा पुरवू शकतात. अशा मातीत रोधक जनुके मिळणे स्वाभाविक आहे. त्यांत पहिल्या वर्गाचे इंटिग्रॉन किंवा कार्बापेनेमरोधक स्थलांतरक्षम जनुके आढळू लागली, तर बाहेरून काही येत असल्याची ती खूण असते. संरक्षित क्षेत्रातून नमुने घेण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते.

मामा तलाव व शेती

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, हे भातशेतीचे सिंचन, मासेमारी, गुरांचे पाणी व धुणे अशा अनेक कामांसाठी वापरले जातात. माणूस, गुरे, मासे व माती यांचे जीवाणू येथे एकत्र येतात. भाताच्या जीवाणूजन्य करप्यावर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण फवारण्याची पद्धत देशात प्रचलित राहिली आहे. त्यामुळे या दोन औषधगटांची रोधक जनुके तलावाच्या गाळात हंगामानुसार कशी बदलतात, हा गावपातळीवर तपासता येण्याजोगा प्रश्न आहे.

पणाला लागलेली औषधे

गडचिरोलीतील 'सर्च' या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या संस्थेने ग्रामीण बालमृत्यूंवर केलेले काम जागतिक संदर्भ बनले आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बालकांतील न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल दिले आणि मृत्यूंत घट झाली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या घरोघरच्या नवजात बालसेवेच्या प्रयोगात गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बालकांना को-ट्रायमॉक्साझोल व जेन्टामायसिन ही औषधे घरीच दिली. ३९ गावांत राबवलेल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आला.

या यशात निदानाचे प्रशिक्षण, ऊब, स्तनपान व नियमित भेटी यांचा वाटा होता, आणि त्याबरोबरच दोन स्वस्त औषधांचा परिणाम टिकून असणे ही त्याची एक पूर्वअट होती. को-ट्रायमॉक्साझोलचा एक घटक सल्फा औषध आहे. सल-१ व सल-२ ही जनुके त्याला रोखतात. दुसरा घटक ट्रायमेथोप्रिम. त्याला डीएफआर गटातील जनुके रोखतात. जेन्टामायसिनच्या रेणूला अ‍ॅसिटिल गट जोडून त्याला निष्प्रभ करणारी जनुके 'एएसी' या नावाने ओळखली जातात. म्हणजे सांडपाण्याची खूण म्हणून जगभर मोजले जाणारे सल-१ हे जनुक आणि गावातील बालकाच्या औषधाला रोखणारे जनुक एकच आहे.

शहरात एक औषध लागू पडले नाही, तर जंतुपरीक्षण करून दुसरे निवडता येते. दुर्गम गावात पहिले औषध हेच बहुधा एकमेव औषध असते आणि पुढील रुग्णालय बरेच दूर असते. रुग्णालयाधारित नोंदणीत केवळ रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचे जीवाणू येतात. घरी उपचार झालेली किंवा घरीच दगावलेली बालके तिच्यात दिसत नाहीत. गावच्या ओढ्यातील, नदीतील व वसतिगृहाच्या सांडपाण्यातील जनुकांची नोंद ही उणीव काही अंशी भरून काढते. तथापि, तिच्यावरून एखाद्या बालकाचे औषध ठरवता येत नाही. कोणत्या भागात रुग्णांचे जंतुपरीक्षण तातडीने वाढवावे, एवढे ती दाखवते.

क्षेत्रीय अडचणी

पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क वारंवार तुटतो. सिरोंचा, एटापल्ली, अहेरी या तालुक्यांतून नागपूरच्या प्रयोगशाळांपर्यंतचे अंतर मोठे आहे. त्यामुळे पाणी नेण्याऐवजी ते नदीकाठीच गाळून, गाळणी डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात ठेवून नेणे सोयीचे पडते. ऋतूनुसार निष्कर्षही बदलतात. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण असल्याने सांडपाण्याचा वाटा वाढतो. पावसाळ्यात पाणी विरळ होते, परंतु शेतांतील व वस्त्यांतील मैला वाहून येतो. म्हणून वर्षातून किमान तीन ऋतूंत नमुने घेणे आवश्यक मानले जाते.

नमुन्यांतून व्यक्तीची ओळख होत नाही, तरी एखाद्या गावाला, यात्रेला किंवा रुग्णालयाला दोष लावला जाण्याची शक्यता असते. गडचिरोलीतील अनेक गावांत सामूहिक वनहक्क ग्रामसभांकडे आहेत. २००९ साली असे हक्क मिळवणाऱ्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटांची परंपराही आहे. अशा ठिकाणी ग्रामसभेची संमती घेणे आणि निष्कर्ष तिच्यासमोर मराठीत व गोंडीत मांडणे हा सर्वेक्षणाचाच भाग ठरतो.

धोरण

भारताचा प्रतिजैविकरोधविषयक पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ साली जाहीर झाला. त्यात मानव, प्राणी व पर्यावरण यांचा एकत्रित विचार आहे. या दृष्टिकोनाला 'एक आरोग्य' असे म्हणतात. जुलै २०१९ मध्ये पशुखाद्यात व पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घालण्यात आली. जानेवारी २०२० मध्ये औषधकारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांसाठी मर्यादा सुचवणारा मसुदा केंद्र सरकारने प्रसिद्ध केला. २०२१ च्या अंतिम नियमांत मात्र या मर्यादा नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकनिर्मितीतील सांडपाण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

जागतिक पातळीवर डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेल्या सांडपाणी सर्वेक्षणाचे पहिले निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात ६० देशांतील ७९ ठिकाणांचे नमुने होते. २०२२ साली ही व्याप्ती १०१ देशांतील २४३ शहरांपर्यंत गेली. रोधक जनुकांचे प्रमाण त्या त्या देशाच्या स्वच्छता व आरोग्यविषयक स्थितीशी निगडित असल्याचे या अभ्यासांतून दिसले.

क्रमनिर्धारण परवडत नसेल, तेथे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची 'ट्रायसायकल' पद्धत उपलब्ध आहे. तीत मानव, अन्नसाखळी व पर्यावरण या तिन्ही ठिकाणी ई. कोलाय या एकाच जीवाणूचा, ठरावीक औषधगटाला असलेला रोध साध्या संवर्धनाने मोजला जातो. जिल्हा पातळीवर ही पद्धत नियमितपणे वापरावी आणि निवडक नमुन्यांचेच क्रमनिर्धारण करावे, असा दुपदरी मार्ग व्यवहार्य ठरतो. भारतात सांडपाण्यावरून रोगांचा मागोवा घेण्याचा अनुभव नवा नाही. पोलिओच्या विषाणूसाठी असे सर्वेक्षण २००१ साली मुंबईत सुरू झाले आणि कोविड-१९ च्या काळात ते अनेक शहरांत झाले.

सर्वेक्षण हा स्वतः उपाय नव्हे. शौचालयांचा मैला व शहरी सांडपाणी यांवर प्रक्रिया, रुग्णालयांच्या सांडपाण्याचे निर्जंतुकीकरण, चिठ्ठीशिवाय होणाऱ्या औषधविक्रीवर नियंत्रण, लसीकरण व शुद्ध पेयजल या उपायांनी रोधाचा प्रसार कमी होतो. कोणत्या उपायाने किती फरक पडला, याचे मोजमाप जनुकांच्या नियमित नोंदींतून मिळते. वैनगंगेच्या खोऱ्यात अशी तुलना करायची झाल्यास नागपूरच्या सांडपाण्यावरील प्रक्रिया वाढण्यापूर्वीच्या व त्यानंतरच्या नोंदी एकाच पद्धतीने, एकाच ठिकाणी घेतलेल्या असाव्या लागतील.

हेही पाहा

प्रतिजैविक
जीवाणू
प्लाझ्मिड
वैनगंगा नदी
प्राणहिता नदी
मामा तलाव
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प